कॅरिअरमधली हाक

रणगाडा म्हणू नका. आधीच सांगून ठेवतो. तलासरीत गेल्या सव्वीस जानेवारीपासून जे यंत्र चबुतऱ्यावर उभं आहे, त्याला अख्खा तालुका रणगाडा म्हणतो, आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. रणगाड्याला वर फिरता टोप असतो, त्यातून लांब नळी पुढे आलेली असते. हिला टोप नाही. हिच्या पाठीवरची झाकणं उघडली की पोटात उखळी तोफ दिसते, आभाळाकडे तोंड करून उभी. खाली लोखंडी पट्टे, पुढे ड्रायव्हर, आणि मागे आम्ही लोक नि शंभरावर गोळे. फौजेत तिला कॅरिअर म्हणतात. माझ्या नोकरीतली अकरा वर्षं तिच्या पोटात गेली, तेव्हा एवढं तरी लोकांनी नीट म्हणावं.

माझं नाव काशीनाथ. राहणार मसोली. वडील डहाणू रोडला रेल्वेत होते, मी हवालदार म्हणून रिटायर झालो. आता तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेचा सेक्रेटरी आहे. अक्षर बरं आहे म्हणून सेक्रेटरी, दुसरं काही कारण नाही. संघटनेला एकदा हुक्की आली की तलासरीच्या कॉलेजसमोर फौजेचं काहीतरी ठेवावं, पोरांना स्फूर्ती मिळेल. सैन्य जुनी, निकामी केलेली वाहनं शोभेला देतं. मी अर्ज लिहिला. कोणी विमान मागा म्हणत होतं, कोणी तोफ. मी फक्त 'जे उपलब्ध असेल ते' असं लिहिलं. दोन वर्षांनी उत्तर आलं आणि त्यात नेमकं कॅरिअरचं नाव. पत्र हातात घेऊन मी ओट्यावर बसूनच राहिलो. प्रभा, माझी बायको, म्हणाली, "अहो, कोणी वारलं का?"

ट्रेलर गुजरातच्या बाजूने येणार होता. डिसेंबरात एका दुपारी फोन आला की अच्छाडच्या नाक्यावर कागदांसाठी अडवलाय. गेलो. ट्रकांच्या रांगेत ताडपत्री घातलेलं ते धूड उभं होतं आणि ढाब्यावरची सगळी माणसं हातातले चहा तसेच धरून बघत होती. ढाबेवाला म्हणाला, "काका, आ टँक छे?"

"टँक नथी!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बिचारा दचकला. मग त्यानेच मला चहा दिला.

कागद झाल्यावर मी ट्रेलरवर चढलो, ताडपत्री सारली आणि आधी अंगावरचा नंबर वाचला. आमची नव्हती. त्याच जातीची, पण आमची नाही. हुश्श झालं मला. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली, की बाबा, हुश्श कशाचं? लोखंड दुसरं आहे म्हणून तू दुसरा झालास का? आत उतरलो. तोच डिझेलचा नि जुन्या रबराचा वास. माझी बसायची जागा तीच. आणि हातभर अंतरावर, तोफेच्या पलीकडे, तुषारची उभं राहायची जागा.

तुषार गंजाडचा. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याच्या आईला, पुतळीमावशीला, आमचे वडील ओळखायचे. ती डहाणूच्या बाजारात वाल, तूर घेऊन बसायची. मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा ती त्याचा हात धरून घरी आली. "ह्याला ने तुझ्या संगती. इथे नुसता झाडांवर चढतो." मी त्याला भरतीच्या मैदानावर घेऊन गेलो. पोरगा हरणासारखा पळाला. पुढे योगायोगाने माझ्याच पलटणीत आला, आणि मग योगायोग नाही, मी साहेबांना सांगून माझ्याच गाडीत घेतला. माझा माणूस, माझ्या गावाकडचा. दादा, दादा करत मागे फिरायचा.

आमचं काम कसं चालायचं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. उखळी तोफेत गोळा मागून भरत नाहीत. नळीच्या तोंडातून आत सोडायचा. तो स्वतःच्या वजनाने खाली घसरतो, तळाच्या खिळीवर आपटतो आणि उडतो. सोडणाऱ्याने सोडल्याबरोबर डोकं नि हात खाली घ्यायचे. हात तोंडावर राहिला तर गोळा हात घेऊन जातो. इतकं साधं आहे. तुषार सोडणारा. मी नेम धरणारा, माझा डोळा दुर्बिणीला. डोकं खाली घातल्यामुळे त्याला काही दिसायचं नाही, म्हणून आमच्या गाडीत आम्ही एक रीत पाडली होती. गोळा बाहेर पडला की मी ओरडायचो, "गेला!" मगच तो पुढचा उचलून वर यायचा. बाकी सगळे हुकूम हिंदीत, पण हा एक शब्द आमचा, डहाणूचा. पंजाबी साहेब हसायचे. पुस्तकात असा शब्द नाही. पुस्तकात लिहिलंय की गोळा बाहेर पडताना डोळ्याने बघा, हादरा अंगाला लागू द्या आणि खात्री करूनच पुढचा भरा. मी हादऱ्याची वाट बघायचो. हजारो वेळा बघितली असेल. एकदा नाही बघितली.

राजस्थानात सराव होता. गाड्या ओळीने उभ्या, मध्ये पन्नास पावलांचं अंतर. शेजारच्या गाडीशी आमची पैज लागली होती की एका मिनिटात कोणाचे गोळे जास्त. पैज मी लावली होती, तुषारने नाही. सकाळपासून मारा चालू होता, नळी काजळली होती. पुसून घ्यायला हवी होती. पुसत बसलो असतो तर पैज हरलो असतो. सातवा का आठवा गोळा तुषारने सोडला. काजळीमुळे तो सावकाश घसरत होता. तेवढ्यात शेजारच्या गाडीचा धडाका झाला, आणि मी ओरडलो, "गेला!"

आमचा गेला नव्हता.

तुषार वर आला. नवा गोळा डाव्या कुशीत, उजवा हात नळीच्या तोंडाशी. मग आमचा गेला.

पुढचं मला सगळं आठवतं, उगाच काही आठवत नाही असं म्हणत नाही. मी माझा पट्टा काढून त्याच्या दंडाला आवळला, त्याला पाठीवर घेऊन मागच्या दारातून बाहेर पडलो आणि अँब्युलन्सपर्यंत वाळूतून पळालो. डॉक्टर म्हणाले, दोन मिनिटं उशीर झाला असता तर पोरगा गेला असता. हे खरं आहे. हे एवढंच गावाला माहीत होतं.

चौकशी बसली. तिघे साहेब, एक टेबल, पाण्याचा जग. विचारलं, "दुसरा गोळा उचलण्याआधी तू इशारा दिला होतास?" पुढच्या महिन्यात हवालदारीच्या बढतीसाठी माझं बोर्ड होतं. पण खोटं बोलायला तेवढंच कारण होतं असं सांगून सुटत नाही मी. मी घाबरलो होतो. पाचावर धारण बसली होती माझी. गोळे मागे देणारा तिसरा गडी पाठमोरा होता, कानात बोळे घालून. ऐकलेलं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "नाही साहेब. मी बोललोच नव्हतो. त्याने घाई केली." साहेबांनी लिहून घेतलं.

तेही एक वेळ सोडा. दवाखान्यात तुषार शुद्धीवर आला तेव्हा मी शेजारी होतो. हाताकडे बघून झालं, रडून झालं, आणि मग तो मला म्हणाला, "दादा, मी 'गेला' ऐकलं होतं रे. तू म्हणालास ना?"

आणि मी म्हणालो, "नाही रे तुषार. भास झाला असेल तुला."

साहेबांसमोर खोटं बोललो त्याला भीती म्हणा. पण ह्याला काय म्हणाल? तो पोरगा माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या कानांवर ठेवला नाही, माझ्यावर ठेवला.

चौदा वर्षं झाली त्याला.

तुषार घरी आला. पेन्शन मिळाली, शेती आहे, खायची ददात नाही. पण गावाने त्याचं नाव ठेवलं, घाईचा तुषार. वाईट मनाने नाही, थट्टेने. लग्नाच्या पंगतीत हा पुढे वाकला की कोणीतरी म्हणणार, "अरे तुषार, घाई नको, आहे भात!" तोही हसतो. पण माणूस बदलला. झाडावर सरसर चढणारा पोरगा, तो आता रस्ता ओलांडायच्या आधी उभा राहून मनात एक ते पाच म्हणतो. ओठ हलताना मी पाहिलेत. शेगडी पेटवायच्या आधी पाच, दार उघडायच्या आधी पाच. डाव्या हाताने सही करायला शिकला, तर एकेक अक्षर असं काढतो की बँकेत मागची रांग कुरकुरायला लागते. सगळं का, तर आपल्याला घाईचा रोग आहे असं तो धरून चाललाय, आणि तो रोग माझ्या एका वाक्याने झालेला.

आणि पुतळीमावशी. तिच्या लेखी मी तिच्या लेकाला मरणाच्या दारातून आणणारा. दरवर्षी कापणी झाली, नवं धान्य देवाला दाखवलं की पहिली पोतडी माझ्या घरी. ऐंशीच्या घरातली बाई, कान गेलेत, तरी एसटीने मसोलीला येणार, पोतडी स्वतः खांद्यावरून उतरवणार. "काशी, तू नसतास तर हा भात कोणासाठी पिकवला असता मी?" मोठ्याने बोलते, शेजारी ऐकतात. आता तुम्हाला वाटेल मी तो भात खात नसेन, घशाखाली उतरत नसेल वगैरे. नाही. उतरायचा. प्रभा पहिल्या दिवशी नुसता भात नि तूप करायची आणि मी दोनदा मागून घ्यायचो. असा माणूस आहे मी.

तर आता सव्वीस जानेवारी. तुषारची मुलगी रविना तलासरीच्या कॉलेजात बारावीला. पोरगी बापावर गेलीय, बाप पूर्वी होता तशी. कॉलेजने ठरवलं की कॅरिअरची माहिती पाहुण्यांना तिनेच द्यायची, गाडीत उभं राहून, गोळा कसा सोडतात ते करून दाखवायचं. नळी खालून वेल्डिंगने बंदच केलेली होती, आणि गोळा लाकडी, सुताराकडून करून घेतलेला. शिकवायचं कोणी? अर्थात काशीनाथकाकांनी.

जानेवारीचे पंधरा दिवस ती रोज कॉलेज सुटल्यावर येत होती. मी माझ्या जागेवर, ती तिच्या बापाच्या. मी शिकवलं, गोळा असा धर, असा सोड, हात खाली, डोकं खाली. ती एकदा सांगितलं की कधी चुकली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, मग पुढचा गोळा कधी घ्यायचा हे सोडणाऱ्याला कळतं कसं? त्याला तर दिसत नाही."

मी म्हटलं, "नेम धरणारा सांगतो."

"काय सांगतो?"

"सांगतो काहीतरी."

"तुम्ही काय सांगायचात?"

तिला काय, सहज विचारलं तिने. मला तो शब्द तोंडातून काढायला जिवावर आलं. शेवटी म्हणालो, "गेला."

"मग बाबांनी तुम्ही म्हणायच्या आधीच हात घातला?"

मी दुर्बीण पुसायला लागलो. फडक्याने चांगली पाच मिनिटं पुसली. तिला वाटलं काकांना जुनं आठवून त्रास झाला. "सॉरी काका," म्हणाली. मलाच सॉरी!

त्याच दिवशी जाताना तिने दप्तरातून एक कागद काढला. फौजेच्या पोलिसांत आता मुली घेतात, तिने फॉर्म भरला होता. अठरा पूर्ण नाहीत म्हणून संमतीवर बापाची सही हवी. एकतीस तारीख शेवटची. "बाबा सही देत नाहीत. म्हणतात, आपल्या रक्तात घाई आहे. माझा हात गेला, तुझं काय जाईल सांगता येत नाही. मला स्कूटीसुद्धा शिकू दिली नाही, काका. आईने किती समजावलं. तुम्ही सांगा ना. तुमचं ते ऐकतात."

ऐकतात ना. तेच तर झालंय.

मी म्हटलं, "बघतो." पंधरा दिवस नुसतं बघतो, बघतो. दोनदा गंजाडला गेलो सुद्धा. तुषारने अंगणात खाट टाकली, चहा झाला, वालाच्या शेंगांच्या गोष्टी झाल्या. मी म्हटलं, "पोरीला जाऊ दे रे." तो म्हणाला, "दादा, तू तरी असं म्हणू नकोस. तू डोळ्यांनी पाहिलंस माझं काय झालं ते. तिचा हात बघतोस ना, केवढा चपळ? माझाही असाच होता." त्याच्यावर मी काय बोलणार? एकच वाक्य बोलण्यासारखं होतं, ते जिभेपर्यंत आलं आणि मी म्हणालो, "चल, निघतो. शेवटची गाडी चुकेल." चार वाजता! शेवटची गाडी चार वाजता कुठे असते? त्याने मला रस्त्यापर्यंत सोडलं आणि रस्ता ओलांडण्याआधी पाच म्हटलं.

सव्वीसला मैदान भरलं होतं. झेंडा झाला, भाषणं झाली. पहिल्या रांगेत पुतळीमावशी नव्या लुगड्यात बसली होती, तिला मी बोलावलं नव्हतं, संघटनेने बोलावलं होतं, जखमी जवानाची आई म्हणून. तुषारला गाडीच्या बाजूलाच उभं केलं होतं, उजवी बाही पिनेने दुमडलेली. मोठे पाहुणे यायला उशीर करत होते. ते आले की फीत कापणार, मग फटाके, मग प्रात्यक्षिक, असं मी स्वतः कागदावर लिहून दिलं होतं. पण कागदाप्रमाणे आपल्याकडे काय होतं? माइकवाला म्हणाला, पाहुणे फाटकात आलेत, मुलीला सुरू करू द्या, ते बघतच येतील. फटाकेवाल्याला कोणी काही सांगितलं नाही.

मी माझ्या जागेवर बसलो. डोळा दुर्बिणीला. रविना समोर उभी, दोन्ही हातांत लाकडी गोळा, नळीच्या तोंडावर धरलेला. छान बोलत होती ती माइकवर, न अडखळता. "आता मी गोळा सोडणार आहे. तो बाहेर पडला की काका मला इशारा देतील. इशारा मिळाल्याशिवाय मी दुसरा गोळा घेणार नाही."

पाहुण्यांची गाडी थांबली आणि फाटकाशी सुतळी बॉम्ब फुटला.

"गेला!"

मी ओरडलो. मी ठरवून ओरडलो नाही. आवाज झाला आणि शब्द बाहेर पडला, चौदा वर्षांपूर्वी पडला तसाच, त्याच पट्टीत. माइक रविनाच्या गळ्याशी होता, तो सगळ्या मैदानात घुमला.

लोक हसले. हसणारच. संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, "काशीनाथरावांच्या अंगातली फौज अजून गेली नाही!" टाळ्याही पडल्या. रविना गोंधळून माझ्याकडे बघत होती.

तुषार हसला नाही. तो गाडीच्या बाजूने वर चढला. एका हाताने, पट्ट्यावर पाय देऊन, थांबला नाही, काही मोजलं नाही. झाकणाच्या काठाशी वाकून त्याने मला विचारलं, "दादा, काय म्हणालास आत्ता?"

"अरे, फटाका वाजला, दचकलो."

"काय म्हणालास?"

"गेला म्हणालो."

"काय गेलं? गोळा तिच्या हातात आहे."

मी रविनाच्या हातांकडे पाहिलं. होता. दोन्ही हातांत घट्ट धरलेला लाकडी गोळा. पोरीने इशारा ऐकूनसुद्धा हात हलवला नव्हता, कारण तिला दिसत होतं. तिच्या बापाला दिसत नव्हतं, त्याने माझ्यावर सोडलं होतं.

मला अजून पळता आलं असतं. वय झालं रे, कान गेले, काहीही बोललो असतो तर खपलं असतं. तुषारनेच खपवून घेतलं असतं, त्याला सवय आहे. पण रविना माझ्याकडे बघत होती. तिच्या दप्तरातला तो कागद मला माहीत होता. मी म्हणालो, "तेव्हाही असंच झालं. शेजारच्या गाडीचा आवाज झाला आणि मी 'गेला' म्हणालो. तुला भास झाला नव्हता. मी खोटं बोललो तुषार. साहेबांना पण, तुला पण."

मी बोलायला लागताच रविनाने गोळा काखेत मारून माइकवर हात ठेवला होता. शहाणी पोर. त्यामुळे एवढं आम्हा तिघांतच राहिलं.

तुषार काठावरून आणखी खाली वाकला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग हळू म्हणाला, "मी माझ्या कानांना शिव्या दिल्या, दादा. चौदा वर्षं. रात्री झोपेत तुझा आवाज यायचा तर मी उठून कान धुवायचो."

मी म्हटलं, "मार मला."

"मारून काय करू? एक हात आहे, तो मला लागतो." मग खाली पहिल्या रांगेकडे त्याने मान वळवली. "हे आईला सांग."

"सांगतो. आज संध्याकाळी घरी येऊन..."

"आत्ता. इथे. आणि मोठ्याने सांग, तिला कमी ऐकू येतं."

खाली उतरलो. पाहुणे येऊन खुर्चीत बसले होते, अध्यक्ष मला खुणा करत होते की प्रात्यक्षिक पुढे न्या. मी पुतळीमावशीसमोर गेलो आणि गुडघ्यावर बसलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं पाया पडायला आलोय.

मी सांगितलं. ती म्हणाली, "काय?" आणखी मोठ्याने सांगितलं. "काय म्हणतोस, बाबा?" शेवटी मी ओरडलो. "मावशी, तुषारने घाई केली नव्हती! चूक माझी होती! मी खोटं सांगितलं!" सगळ्या मैदानाने ऐकलं. घाईचा तुषार म्हणणारी गंजाडची माणसं मागे उभी होती, त्यांनी ऐकलं. ज्यांच्यात मी सेक्रेटरी म्हणून मिरवलो त्या संघटनेच्या माणसांनी ऐकलं. प्रभा बायकांच्या बाजूला होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

मावशीचा हात माझ्या डोक्यावरच होता. तिने तो सावकाश काढून मांडीवर ठेवला.

"मग तू पट्टा बांधलास तो?" ती म्हणाली. "पाठीवर घेऊन पळालास?"

"मरू नये म्हणून, मावशी."

"कोण मरू नये म्हणून?"

मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं. त्या वाळूतून पळताना मी तुषारसाठी पळत होतो की माझ्या अंगावर त्याचं मरण येऊ नये म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. तिने तोंड फिरवलं आणि लेकाला हाक मारली. तो आला तेव्हा तिने त्याची दुमडलेली बाही ओढून घेतली, खालचा थोटा हात दोन्ही हातांत धरला आणि त्याला म्हणाली, "मी तुला किती बोलले रे. तोंडावर बोलले, सुनेसमोर बोलले. तू एकदा तरी म्हणायचंस, आई, मी नाही केलं."

"मलाच माहीत नव्हतं आई," तुषार म्हणाला.

रविना गाडीतून उतरून मागे येऊन उभी राहिली होती. लाकडी गोळा अजून काखेत. तुषारने तिच्याकडे बघितलं. "कागद कुठे आहे तुझा?"

तिने दप्तर धुंडाळलं, कागद काढला, पेन मिळेना. खिशाला पेन फक्त माझ्या होतं, सेक्रेटरी ना मी. तुषारने ते घेतलं. रविनाने पाठ पुढे केली, तिच्या पाठीवर कागद ठेवून त्याने सही केली. बँकेत पाच मिनिटं लावणारा माणूस. मी ओठांकडे बघत होतो, ते हलले नाहीत. फर्रकन सही झाली, वेडीवाकडी, शेवटची रेघ कागदाच्या बाहेर तिच्या गणवेशावर गेली.

पेन त्याने मला परत दिलं.

"बघ दादा," तो म्हणाला, "घाई झाली का माझी?"